कंठाचा रोग, डोळ्यांची पीडा

दर वर्षी ३ फेब्रुवारी रोजी, संत ब्लेझ यांच्या सणाच्या दिवशी, आपल्या चर्चमध्ये एक जुना विधी होत असतो. धर्मगुरू दोन मेणबत्त्या फुलीसारख्या एकमेकींवर धरून भाविकाच्या कंठाशी नेतात आणि कंठाच्या विकारापासून व इतर सर्व व्याधींपासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून आशीर्वाद देतात. सेबास्ते नगरीचे हे बिशप चौथ्या शतकाच्या आरंभी हुतात्मा झाले. घशात माशाचा काटा अडकलेल्या एका मुलास त्यांनी वाचविले, अशी परंपरा आहे. गोव्यात कुंभारजुव्याजवळ गवंडाळी येथे त्यांच्या नावाचे चर्च आहे. तसेच १३ डिसेंबर रोजी आपण संत लुसीचे स्मरण करतो. सिराक्यूज नगरातील ही हुतात्मा कुमारी डोळ्यांच्या रोग्यांची कैवारीण मानली जाते.

कंठाचा कैवारी निराळा, डोळ्यांची कैवारीण निराळी. आपल्या घरांतही दुखण्यांची अशीच वाटणी असते. घसा धरला तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, डोळा चुरचुरला तर गुलाबपाणी, डोके दुखले तर सुंठीचा लेप. परंतु एक रोग असा आहे की, त्याचे मूळ कंठाशी जडलेले असते आणि त्याची पीडा डोक्यात व डोळ्यांत जाणवते. तो म्हणजे थायरॉइडचा रोग होय. गावोगावच्या घरांत आज हे नाव सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. पण त्याचा डोक्याशी व डोळ्यांशी असलेला संबंध फारच थोड्यांस ठाऊक असतो.

आम्ही वैद्य नव्हे, आणि वैद्याचे काम हाती घेण्याचा आमचा हेतूही नाही. तथापि रोग्याच्या घरी जाणे हे आमचे नित्याचे कर्तव्य आहे, आणि तेथे जे दिसते ते सांगणे आम्हांस अवश्य वाटते. मुख्यतः दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, डोके व डोळे यांची तक्रार लांबत चालली असेल तर कंठाकडेही पाहावे. दुसरी, कंठातील रोगावर औषध चालू आहे एवढ्यावर विसंबून डोळ्यांकडे दुर्लक्ष करू नये. या दोन गोष्टी न कळल्यामुळे काहींची दृष्टी जाते आणि कित्येक घरांतील शांती नाहीशी होते.

ग्रंथी लहान, कारभार मोठा

गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. प्रौढ माणसात तिचे वजन सुमारे १५ ते २५ ग्रॅम भरते. अन्नातील आयोडीन घेऊन ती टी-४ व टी-३ नावाची दोन संप्रेरके तयार करते व रक्तात सोडते. हृदयाने किती वेगाने चालावे, अंगात ऊब किती राहावी, आतड्यांनी किती चपळ असावे, मनाने शांत असावे की अस्वस्थ, या सर्वांवर या दोन द्रव्यांचा अंमल चालतो. चुलीतला जाळ फार झाला तर भाकरी करपते, कमी पडला तर कच्ची राहते. शरीराचेही तसेच आहे.

या ग्रंथीवर देखरेख करणारी दुसरी एक ग्रंथी मेंदूच्या तळाशी असते. ती वाटाण्याएवढी असून तिला पीयूषिका म्हणतात. तिने धाडलेला हुकूम म्हणजेच रक्ततपासणीच्या कागदावर दिसणारे 'टीएसएच' होय. कामकरी सुस्त झाला की मुकादम ओरडू लागतो. तसे थायरॉइड मंदावले की टीएसएच वाढते. याच्या उलट थायरॉइड बेसुमार काम करू लागले की टीएसएच खाली जाते. पुष्कळजण कागदावरील वाढलेला आकडा पाहून "थायरॉइड वाढला" असे म्हणतात. बहुधा त्या वेळी ग्रंथी उलट मंदावलेली असते. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे शेजाऱ्याची गोळी आपण घेण्याचा घातक मोह टळतो.

पूर्वी आपल्या देशातील अनेक भागांत मिठातून व अन्नातून आयोडीन पुरेसे न मिळाल्यामुळे गलगंड होत असे. त्यावर उपाय म्हणून सरकारने १९६२ साली आयोडीनयुक्त मिठाची योजना सुरू केली. आज जे रोगी आपण पाहतो त्यांतील पुष्कळांचे कारण वेगळे असते. शरीराचे जे सैन्य बाहेरच्या जंतूंशी लढावयाचे, तेच भुलून आपल्याच ग्रंथीवर चालून जाते. त्यामुळे ग्रंथी हळूहळू निकामी होत गेली तर त्या रोगास हाशिमोटो यांचे नाव देतात. या जपानी शल्यवैद्यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले. उलट ग्रंथी बेफाम काम करू लागली तर तो ग्रेव्हज यांचा रोग. डब्लिन येथील या डॉक्टरांनी १८३५ साली, आणि जर्मनीतील बासेडो यांनी १८४० साली, गळ्याची सूज, धडधडणारे हृदय व पुढे आलेले डोळे हे एकाच व्याधीचे अवयव आहेत हे दाखवून दिले. दोन्ही प्रकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतात.

मंद ग्रंथी आणि डोक्याचा भार

ग्रंथी मंदावली की माणूस थकतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते, शौचास साफ होत नाही, त्वचा कोरडी पडते, आवाज जाडसर होतो, स्त्रियांना मासिक स्राव अधिक होऊ लागतो. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, सकाळी पापण्या फुगलेल्या असतात, भुवयांचे बाहेरचे टोक विरळ होते. या सर्वांबरोबर डोकेदुखीही येते. डोकेदुखीचे वर्गीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी तिला स्वतंत्र स्थान दिले असून, ग्रंथी मंदावलेल्या दर १० रुग्णांपैकी सुमारे तिघांना ती असते असा त्यांचा अंदाज आहे. ती बहुधा डोक्याच्या दोन्ही बाजूंस असते. अर्धशिशीप्रमाणे ठणकत नाही, तर डोक्यावर पाटी ठेवल्यासारखा दिवसभर भार वाटतो. ज्यांना आधीपासून अर्धशिशी आहे त्यांचा त्रास अधिकच वाढू शकतो.

आपल्या भगिनी यावर काय करतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. कपाळाला बाम चोळतात, फडक्याने डोके आवळून बांधतात आणि दुकानातून वेदनाशामक गोळी आणवून कामाला लागतात. अशी गोळी क्वचित घेण्यास हरकत नसते. परंतु महिन्यातून दहा-पंधरा दिवस ती घेतली जाऊ लागली की ती गोळीच नवी डोकेदुखी उत्पन्न करते, आणि रोगी दोन पाशांत सापडतो. मूळ कारण थायरॉइड असेल तर योग्य मात्रेचे औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत डोक्याचा भार उतरू लागतो. म्हणून थकवा, थंडी व सूज यांच्या जोडीने डोके दुखत असेल तर बामाची बाटली संपण्याची वाट न पाहता रक्त तपासून घ्यावे.

मात्र प्रत्येक डोकेदुखी थायरॉइडचीच असते, असेही कोणी मानू नये. रक्तदाब, चष्म्याचा बदललेला नंबर, रक्तातील लोहाची उणीव, अपुरी झोप, अशी तिची अनेक कारणे आहेत. क्वचित प्रसंगी खुद्द पीयूषिका ग्रंथीतच गाठ असते. तेव्हा डोके दुखते, दोन्ही बाजूंचे दिसेनासे होऊ लागते, थायरॉइड मंदावलेले असते, आणि तरीही टीएसएच वाढलेले नसते. म्हणून चालताना बाजूच्या वस्तू वा माणसे दिसत नसल्यास ते डॉक्टरांना न विसरता सांगावे.

डोळे पुढे का येतात

ग्रेव्हज यांच्या रोगात हृदय धडधडते, हात कापतात, घाम सुटतो, भूक असूनही अंग उतरते, राग चटकन येतो, झोप लागत नाही. अशा रोग्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यास किंवा त्याहून काही अधिक जणांस डोळ्यांचाही विकार जडतो. त्याचे कारण असे. डोळ्याच्या मागील स्नायू व चरबी यांतील पेशींवर थायरॉइड ग्रंथीवर असतात तशाच खुणा असतात. भुललेले सैन्य त्या खुणांवरही तुटून पडते. स्नायू व चरबी सुजतात. डोळ्याची खोबण तर चहूबाजूंनी हाडाची. सुजेला पसरण्यास जागा नसते. म्हणून बुबुळासह सारा डोळा पुढे ढकलला जातो आणि पापण्या वर ओढल्या जातात. टक लावून, दचकून किंवा रागावून पाहिल्यासारखा भाव चेहऱ्यावर येतो, तो यामुळे.

पापण्या पुरत्या मिटत नाहीत, म्हणून डोळा कोरडा पडतो. कोरडा डोळा वाळू गेल्यासारखा खुपतो आणि त्याला पाणीही सुटते, हे ऐकून नवल वाटेल, पण तसे घडते. उजेड सोसत नाही. सुजलेले स्नायू ताठ झाल्यामुळे दोन डोळ्यांची जोडी बिघडते व एकाचे दोन दिसू लागते. ती दोन चित्रे एक करण्याचा डोळे सारखा प्रयत्न करीत असतात. त्या शिणाने कपाळ व भुवयांच्या मागे दुखू लागते. कोणाला डोळ्याच्या मागून दाब आल्यासारखे वाटते, कोणाला नजर वर वळविताना कळ येते.

येथे दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. डोळ्यांचा विकार थायरॉइडच्या रोगाबरोबर येतो, तसा त्याच्या आधी किंवा नंतर कित्येक महिन्यांनीही येऊ शकतो. तसेच काही थोड्या रोग्यांत ग्रंथी मंद असते किंवा रक्ताचे आकडे अगदी ठीक असतात, आणि तरीही डोळे बिघडतात. म्हणजे कंठातील ग्रंथी व डोळा ही एकाच सैन्याच्या तडाख्यात सापडलेली दोन घरे आहेत. एका घरची आग विझली म्हणून दुसऱ्या घरची आपोआप विझत नाही.

एका घरची गोष्ट

आमच्या पाहण्यातील एका शेतकरी कुटुंबातील ही हकीकत आहे. तीन मुलांची आई असलेली एक भगिनी वर्षभरात खंगत गेली. पूर्वी ती मनमिळाऊ होती, आता भांडे पडले तरी कावू लागली. तिचे डोळे मोठे दिसू लागले. एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी काय बोलले म्हणून असे डोळे वटारून बघतेस?" ती रडत म्हणाली, "आत्याबाई, मी वटारत नाही हो. ते मिटतच नाहीत." यावर कोणाचा विश्वास बसला नाही. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले बाहेरची बाधा. लिंबू उतरून झाले, अंगारा लावून झाला. प्रार्थनेला येणाऱ्या बायकांतही कुजबुज सुरू झाली की, हिने काहीतरी लपविले असले पाहिजे, म्हणून देवाने असे केले.

अखेर दवाखान्यातील एका धर्मभगिनीने तिचा हात हाती घेतला. नाडी मिनिटाला १२० च्या घरात होती, आणि पसरलेल्या बोटांवर ठेवलेला कागद थरथरत होता. रक्ततपासणी झाली, औषध सुरू झाले, दोन-तीन महिन्यांत नाडी निवळली, अंग भरू लागले. पण डोळे तसेच राहिले. तेव्हा घरधनी म्हणाला, "औषधाने डोळे गेले नाहीत आत, मग पैसे कशाला घालवायचे?" गोळ्या बंद झाल्या. धडधड पुन्हा सुरू झाली आणि डोळे अधिकच बिघडले. तिला एकाच्या दोन विहिरी दिसू लागल्या, पाणी भरणे धोक्याचे झाले; तेव्हा कोठे तिला नेत्रवैद्यापुढे नेण्यात आले.

आज ती बरी आहे, पण पूर्वीसारखी झाली असे म्हणता येणार नाही. खाली पाहताना अद्याप तिला दोन दिसतात. त्यासाठी चष्म्यात विशेष काच बसविली आहे. सुईत दोरा ओवताना ती एक डोळा मिटून घेते. तिच्या सासूबाई आता दोरा ओवून देतात.

ज्यांनी तिच्या आजारात पाप शोधले, त्यांनी संत योहानाच्या शुभवर्तमानातील नववा अध्याय पुन्हा वाचावा, अशी आमची विनंती आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही हाच प्रश्न केला होता की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. जो प्रश्न प्रभूने मोडून काढला तो आपण आपल्या स्वयंपाकघरात पुन्हा उभा करावा काय? थायरॉइडचा रोग लागट नाही. तो चारित्र्याची खूण नाही. त्यामुळे मुलीचे लग्न मोडणे हा उघड अन्याय आहे. उपचार नीट चालू असता अशा स्त्रिया संसार करतात, त्यांना निरोगी मुले होतात. मात्र गरोदरपणी औषध थांबवू नये. पाळी चुकताच डॉक्टरांना कळवावे, कारण त्या काळात औषधाची मात्रा बहुधा बदलावी लागते.

रोजची गोळी

या औषधाचा इतिहास आपल्यासारख्या भाविकांस मोलाचा वाटेल असा आहे. १८९१ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे डॉ. मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून, मंद ग्रंथीमुळे सुजून गेलेल्या एका बाईस बरे केले; ती पुढे २८ वर्षे जगली. त्यानंतर अमेरिकेतील रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिकमध्ये केंडॉल नावाच्या रसायनशास्त्रज्ञांनी या ग्रंथीतील मुख्य द्रव्य शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळे केले. तो दिवस होता २५ डिसेंबर १९१४, म्हणजे नाताळचा. १९२७ साली ते द्रव्य प्रयोगशाळेत तयार करता आले. आज मंद ग्रंथीसाठी दिली जाणारी लहानशी गोळी ती हीच. शरीर जे स्वतः निर्माण करू शकत नाही तेच ती पुरविते. म्हणून "किती दिवस घ्यावयाची?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा "जन्मभर" असे असते. यात खिन्न होण्यासारखे काही नाही. मीठही आपण जन्मभर खातोच.

ही गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि चहा अर्ध्या ते एक तासानंतर घ्यावा. लोहाच्या व चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, गोळ्या हिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. नाहीतर गोळी अंगी लागत नाही. मात्रा बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीपूर्वी सांगावे, कारण त्यांनी आकडे फसवे येतात. बरे वाटले म्हणून अर्धी करू नये, आणि लवकर बरे वाटावे म्हणून दोन घेऊ नयेत.

बेफाम ग्रंथीच्या गोळ्या वेगळ्या असतात. त्या घेणाऱ्यास ताप येऊन घसा दुखू लागला तर ते साधे पडसे समजू नये. क्वचित या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी कमी होतात. तेव्हा गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्यावे.

येथे धर्मगुरू या नात्याने एक खुलासा करणे आमचे कर्तव्य आहे. कित्येक वृद्ध भाविक मिस्साच्या दिवशी सकाळची गोळी घेत नाहीत. कम्युनियनचा उपास मोडेल अशी त्यांना भीती वाटते. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेण्याचा जुना नियम त्यांनी बालपणी शिकलेला असतो. परंतु १९५३ साली पोप बारावे पायस यांनी पाण्याने उपास मोडत नाही असे ठरविले, आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी उपासाची मर्यादा एका तासावर आणली. १९८३ च्या धर्मनियमसंहितेप्रमाणे पाणी व औषध कम्युनियनपूर्वीच्या त्या तासातही घेता येते. वृद्ध व आजारी यांना, तसेच त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना, तासाचे बंधनही नाही. उपवासकाळातही शरीरास अपाय होईल असा उपास रोग्याकडून ख्रिस्तसभा मागत नाही. तेव्हा गोळी घेऊन निःशंक मनाने प्रभूच्या मेजाशी यावे.

डोळ्यांची काळजी

डोळ्यांच्या या विकारास दोन काळ असतात. पहिला काळ सुजेचा व लालीचा; तो सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत चालतो. दुसरा काळ स्थिर होण्याचा. पहिल्या काळात सूज उतरविणे व दृष्टी राखणे हे मुख्य काम असते. जरूर तर शिरेतून स्टिरॉइड देतात, आणि त्या वेळी साखर व रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे लागते. दुसऱ्या काळात, डोळे स्थिरावल्यावर, खोबण मोकळी करणे, तिरळेपणा सुधारणे व पापण्या ठीक करणे अशा शस्त्रक्रिया या क्रमाने करता येतात. २०२० साली अमेरिकेत या विकारासाठी एका नव्या औषधास मान्यता मिळाली. ते अत्यंत महाग आहे आणि त्याने श्रवणशक्तीस व रक्तातील साखरेस अपाय होऊ शकतो. ते मिळाले नाही म्हणून कोणी हताश होऊ नये. बहुसंख्य रोग्यांचा विकार सौम्य असतो आणि साध्या उपायांनी सुसह्य होतो.

ते साधे उपाय असे. डॉक्टरांनी सांगितलेले अश्रूंसारखे थेंब दिवसातून अनेकदा व रात्री मलम घालावे. उशाशी जादा उशी घेऊन डोके उंच ठेवावे, म्हणजे सकाळची सूज कमी होते. उन्हात व वाऱ्यात काळा चष्मा लावावा. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्यानेही लावावा. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. चुलीच्या धुरापासून दूर बसावे. दोन दिसत असता गाडी चालवू नये, आणि विहिरीवर व जिन्यावर सोबत घ्यावी. दुकानातून स्टिरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने आणू नयेत. त्यांनी डोळ्यातील दाब वाढून दुसरेच संकट ओढवते. किरणोत्सर्गी आयोडीनचा उपचार सुचविला गेल्यास, आपल्याला डोळ्यांचा त्रास आहे हे अगोदर सांगावे. त्या उपचाराने डोळे बिघडू शकतात, आणि तसे होऊ नये म्हणून डॉक्टर आधी तजवीज करतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विडी व सिगारेट यांनी हा डोळ्यांचा विकार होण्याचा संभव वाढतो, झालेला विकार उग्र होतो, आणि औषधाचा गुणही कमी येतो. माणसाच्या स्वतःच्या हाती असलेले एवढे मोठे दुसरे कारण यात नाही. स्त्रियांपेक्षा कमी पुरुषांस हा विकार होत असला तरी पुरुषांत तो अधिक उग्र असतो, हेही ध्यानी ठेवावे. निपाणीकडील आमच्या बांधवांस तंबाखूवर संसार चालविणे म्हणजे काय ते आम्ही सांगावयास नको. त्यांच्या पोटावर बोट ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्याच्या डोळ्यांत हा रोग शिरला आहे त्याने विडी सोडावी. पथ्य म्हणून कोबी-फुलकोबी टाकणारे आणि विडी चालू ठेवणारे रोगी आम्ही पाहिले आहेत. शिजविलेला कोबी बेताने खाल्ल्याने सहसा काही बिघडत नाही. मिठाविषयी म्हणाल तर घरात नेहमीचे आयोडीनयुक्त मीठ वापरावे. त्यापलीकडे आयोडीनची औषधे स्वतः घेऊ नयेत.

जेव्हा थांबू नये

पुढील लक्षणे दिसली तर पुढच्या आठवड्याच्या बाजाराची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. दृष्टी अंधुक होऊ लागणे. रंग फिके दिसणे, म्हणजे तांबडे लुगडे विटल्यासारखे वाटणे. एका डोळ्याने पाहिलेला रंग दुसऱ्याने पाहिलेल्या रंगाहून वेगळा भासणे. डोळा मिटत नसून त्यात तीव्र वेदना होणे किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसणे. सुजलेले स्नायू दृष्टीच्या नसेस आवळू लागले की असे होते. शंभर रोग्यांत तीन ते पाच जणांवरच दृष्टी जाण्याइतका प्रसंग येतो, परंतु त्यांच्या बाबतीत दिवसाचे मोल फार असते. तसेच आजवर कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी एकाएकी उठणे, डोकेदुखीबरोबर ओकाऱ्या, बेशुद्धी किंवा हातपाय लुळे पडणे, हीही तातडीचीच लक्षणे होत. ती केवळ थायरॉइडच्या माथी मारू नयेत.

खर्चाच्या भीतीने अनेकजण घरी बसून राहतात. त्यांनी जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाची वाट धरावी. गोव्यात बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय, बेळगावात जिल्हा रुग्णालय, वडोदऱ्यास सयाजी रुग्णालय, इंदुरास महाराजा यशवंतराव रुग्णालय, ग्वाल्हेरीस जयारोग्य रुग्णालय, हैदराबादेस सरोजिनी देवी नेत्र रुग्णालय, अशी ठिकाणे आपापल्या भागांत आहेत. जाताना जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि आजारापूर्वीचा एखादा फोटो बरोबर न्यावा. चेहऱ्यात किती फरक पडला हे डॉक्टरांना त्या फोटोवरून चटकन कळते.

घरच्यांचे कर्तव्य

सिराखच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखण्याचा उपदेश आहे, आणि जमिनीतून औषधे उपजविणारा परमेश्वरच आहे असे तेथे शिकविले आहे. म्हणून नवस व गोळी यांत निवड करावयाची नसते. नवस करणाऱ्यानेही गोळी चुकवू नये, आणि गोळी घेणाऱ्यानेही प्रार्थना सोडू नये.

परंतु गोळी व प्रार्थना यांच्या जोडीने तिसरी एक गोष्ट लागते, आणि ती घरच्यांवाचून कोणी देऊ शकत नाही. ती म्हणजे विश्वास. "डोके दुखते" असे रोगी म्हणाला की ते खरे मानावे. मोडलेला हात सर्वांस दिसतो. डोक्यावरचा भार व डोळ्यामागची कळ दिसत नाही. ज्याचा स्वभाव रोगाने चिडका केला आहे त्याच्याशी वाद घालू नये. औषध अंगी लागले की माणूस पुष्कळ अंशी पूर्ववत होतो. त्याच्या चेहऱ्याची चेष्टा मुलांना करू देऊ नये. आरशात स्वतःचेच तोंड परके वाटण्याचे दुःख केवढे असते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. अशी भगिनी लग्नसमारंभात मागे बसू लागली, मिस्साला येईनाशी झाली, तर तिच्या घरी जाऊन तिला आपल्याबरोबर आणावे. दुपारी अंधाऱ्या खोलीत घटकाभर पडू द्यावे, आणि तिच्या वाटचे धुणे दुसऱ्या कोणी उरकावे. घरधन्याने सकाळी पाण्याचा पेला व गोळी स्वतः नेऊन दिली तर त्यात त्याचा कमीपणा नाही.

बेथसैदा गावी प्रभूने एका आंधळ्यास बरे केले, ती कथा संत मार्काच्या शुभवर्तमानात आठव्या अध्यायात आहे. त्या माणसास एकदम स्पष्ट दिसले नाही. प्रथम त्याला माणसे चालत्या झाडांसारखी दिसली. मग प्रभूने पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले, तेव्हा सर्व नीट दिसू लागले. अर्धवट दिसते असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले, म्हणून प्रभूने त्याला रागे भरले नाही. ज्यांचे बरे होणे हळूहळू होते, ज्यांना अजून एकाचे दोन दिसतात, त्यांनी या बांधवाचे स्मरण ठेवावे; आणि जे त्यांच्याबरोबर राहतात त्यांनी दुसऱ्या वेळी हात ठेवणाऱ्या प्रभूचे स्मरण ठेवावे. येत्या ३ फेब्रुवारीस कंठाचा आशीर्वाद घेण्यास आपण याल, तेव्हा आपल्या गल्लीतील अशा एखाद्या रोग्यास हात धरून बरोबर आणा, आणि त्याच आठवड्यात त्याच्यासोबत दवाखान्याची वाटही चाला.